खळाळातल्या दगडांखालचे बिऱ्हाड : डार्टर मासे

ग्रँडकाठ :

कॅनडात वॉटर्लूला राहायला आल्यापासून ग्रँड नदीच्या काठाने फिरण्याचा माझा परिपाठ आहे. पहिली काही वर्षे मला तेथे फक्त बदके, बगळे आणि गळ टाकून बसलेली माणसे दिसली. गेल्या मे महिन्यात मुलीची वाऱ्याने उडालेली टोपी काढण्यासाठी खळाळात उतरलो, तेव्हा पायाजवळच्या गोट्यांमध्ये बोटभर लांबीचा एक मासा दिसला. त्याच्या अंगावरचे निळे आणि नारिंगी पट्टे इतके गडद होते, की कोणीतरी घरच्या काचपेटीतला मासा नदीत सोडून दिला असावा असे वाटले. मी हललो तेव्हा तो पोहत गेला नाही. टुणकन उडी मारल्यासारखा हातभर पुढे सरकला आणि पुन्हा तळाशी बसला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. मासा दोन हालचालींच्या मधल्या वेळात दगडावर चिमणीसारखा बसून राहतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

घरी येऊन शोधले तेव्हा समजले की हा इंद्रधनुषी डार्टर, शास्त्रीय नाव एथिओस्टोमा सेरुलियम. बाण सुटावा तशी ही झेप घेतात, म्हणून या माशांना डार्टर म्हणतात. ते पर्च माशाच्या कुळातले आहेत. इकडचे लोक आवडीने खातात तो वॉलआय नावाचा मोठा मासाही याच कुळातला. डार्टरच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व उत्तर अमेरिकेतच सापडतात, त्यातही बहुतेक रॉकी पर्वताच्या पूर्वेला. सर्वांत लहान जाती जेमतेम तीन-चार सेंटिमीटरच्या, तर लॉगपर्च वीतभर होतो.

ते तळाशी का बसतात, याचे उत्तर त्यांच्या पोटात आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, जिला आपल्याकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांत वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहू शकतो. एथिओस्टोमा प्रजातीत ही पिशवी नसतेच, आणि पर्सिना नावाच्या दुसऱ्या मोठ्या प्रजातीत ती असली तरी बहुधा आखूड असते. त्यामुळे पोहणे थांबवले की हा मासा खाली बसतो. मला आधी हा दोष वाटला होता, परंतु खळाळात उभे राहून पाहिल्यावर त्यातली सोय कळली. वाहत्या पाण्याचा जोर वर असतो; अगदी तळाशी, गोट्यांच्या आडोशाला तो मंदावतो. तेथे बसणाऱ्याला प्रवाहाशी सतत झुंजावे लागत नाही, आणि चिलटांच्या, मेमाशीच्या, खड्यांचे घरटे बांधणाऱ्या किड्यांच्या अळ्या म्हणजे त्याचे सगळे अन्नही त्याच गोट्यांना चिकटलेले असते. छातीचे पर मोठे, पंख्यासारखे पसरलेले. त्यांच्या आधाराने तो दगडावर टेकून राहतो. डोळे डोक्यावर उंच. पाठीवर दोन पर, पहिला काटेरी आणि दुसरा मऊ.

माझी खरी जिज्ञासा त्यांच्या जीवनचक्राविषयी आहे. मला समजले आहे ते असे : पाणी पंधरा अंशांच्या आसपास तापले की नर खळाळात येतात आणि त्यांचे रंग चढतात. माद्या खालच्या बाजूच्या डोहात थांबतात आणि गाभोळी पिकली की खळाळात येतात. अंडी दगडांच्या खालच्या बाजूस चिकटवली जातात. सतरा-अठरा अंशांच्या पाण्यात दहा-अकरा दिवसांत ती फुटतात. पिल्ले उन्हाळाभर वाढून पुढच्या वसंतापर्यंत प्रौढ होतात, आणि एकूण आयुष्य तीन-चार वर्षांचे असते. अंड्यांविषयी मी एवढ्या खात्रीने लिहितो आहे, कारण त्याच दिवशी मी एक चपटा दगड उचलला असता त्याच्या पोटाला टाचणीच्या डोक्याएवढी अंडी एका थरात चिकटलेली दिसली. जाणकारांनी भर घालावी.

पाणकावळा :

शीर्षकात ‘डार्टर’ वाचून मी तिरंदाज पक्ष्याचा धागा समजून आत आलो, कारण आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात डार्टर म्हणजे तोच, मान वेटोळी करून माशाला चोचीने भोसकणारा. एकाच नावाचे खाणारा आणि खाल्ला जाणारा असे दोघे असावेत, याची गंमत वाटली. धागा वाचतो आहे.

नॉक्सविलकर :

ग्रँडकाठ, लेख आवडला, पण त्यातील एक गोष्ट दुरुस्त करावी लागेल. तुम्ही पाहिलेला नर इंद्रधनुषी डार्टर असेल याविषयी शंका नाही. परंतु दगडाखालची ती अंडी त्याची नव्हती. मी टेनेसीत राहतो. येथील नद्यांमध्ये डार्टरच्या इतक्या जाती आहेत, की अंडी कोण कोठे घालते हे ओळखणे हा हौशी लोकांचा एक स्वतंत्र अभ्यास होऊन बसला आहे.

स्थूलमानाने तीन पद्धती आहेत. पहिलीत अंडी रेतीत पुरली जातात. इंद्रधनुषी डार्टर या गटातला. मादी योग्य जागा पाहून अंगाचा खालचा भाग बारीक खडीत खुपसते, नर तिच्या पाठीवर येतो, दोघेही क्षणभर जोराने थरथरतात आणि त्या थरथरीत तीन ते सात अंडी खडीत पडतात. मग मादी पुढे सरकते आणि तेच पुन्हा करते, कधी त्याच नराबरोबर तर कधी दुसऱ्या. अशा रीतीने तिची गाभोळी एका जागी न पडता खळाळभर विखुरली जाते, आणि पुरल्यानंतर त्या अंड्यांकडे कोणी पाहत नाही. नर राखण करतो ती मादीची. जागेची किंवा अंड्यांची नव्हे.

दुसरीत अंडी पाणवनस्पतींना, शेवाळाला किंवा दगडाच्या उभ्या अंगाला एकेक करून चिकटवली जातात. तुमच्याच नदीत आढळणारा ग्रीनसाइड डार्टर असे करतो. येथेही पुढची काळजी नाही.

तिसरी पद्धत म्हणजे तुम्ही पाहिलेली. जॉनी डार्टर किंवा फॅनटेल डार्टर यांचा नर आधी दगडाखालची पोकळी बळकावतो आणि दगडाचे छत अंगाने घासून साफ करतो. मादी आत आली की ती उलटी होते, पोट वर करून छताला अंडी चिकटवते, आणि नरही उलटा होऊन ती फलित करतो. मादी निघून जाते, नर राहतो. एकामागून एक अनेक माद्या त्याच छताला अंडी लावून जातात, आणि नर दिवसचे दिवस त्यांना पराने पाणी घालत राहतो, बुरशी लागलेली अंडी खाऊन टाकतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाकलतो. हॉवर्ड विन यांनी १९५८ साली चौदा जातींच्या विणीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही विभागणी अभ्यासकांच्या वापरात आहे.

तेव्हा तुम्ही जो दगड उचललात तो कोणाचे तरी घर होते, आणि घरधनी बहुधा तुमच्या पायाजवळच दबा धरून बसला असावा. दगड जसा होता तसाच परत ठेवला असल्यास तो परतला असण्याची शक्यता आहे. विणीच्या दिवसांत मात्र दगड उचलू नयेत, ही विनंती.

ग्रँडकाठ :

दुरुस्तीबद्दल आभार. दगड परत ठेवला होता, पण त्याच बाजूने ठेवला होता की नाही, हे आता आठवत नाही. याची रुखरुख लागली आहे.

मृण्मयी_स :

दोन प्रश्न. पहिला, एकाच छताखाली अनेक माद्या अंडी का घालतात? रिकामी जागा शोधणे अधिक सुरक्षित नाही का? दुसरा, इतके भडक रंग असताना मादी रंग पाहूनच नर निवडत असेल, असे समजावे का?

नॉक्सविलकर :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या संपूर्ण गटातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. मादीला रिकामी जागा नको असते. ज्या छताला आधीच अंडी आहेत, तेथे राखणदार नर टिकून आहे याचा तो पुरावा असतो. शिवाय तिची अंडी इतर अंड्यांच्या गर्दीत असली की एखाद्या चोराने किंवा खुद्द नराने काही अंडी खाल्ली, तरी त्यांत तिचीच असण्याची शक्यता कमी होते. फॅनटेल डार्टरच्या नराने याचा पुरेपूर फायदा घेतला आहे. त्याच्या पाठीच्या पहिल्या परातील प्रत्येक काट्याच्या टोकाला मांसल, पिवळसर गोळा असतो. आकाराने आणि रंगाने तो अंड्यासारखाच दिसतो. नर दगडाखाली बसला की ते गोळे छताशी ओळीने लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्या मादीला वाटते, येथे आधीच कोणीतरी अंडी घालून गेले आहे. नॅप आणि सार्जंट यांनी १९८९ साली प्रयोगाने दाखवले, की हे गोळे असलेल्या नराकडे माद्या अधिक जातात. म्हणजे पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत दुकानात खोटा माल मांडून ठेवण्यासारखे हे आहे.

पूर्व किनाऱ्याकडच्या टेसेलेटेड डार्टरमध्ये याहून विचित्र व्यवस्था आहे. मोठा नर एका दगडाखाली अंडी मिळवतो आणि ती तशीच सोडून दुसऱ्या दगडाकडे जातो. मागे एखादा लहान नर त्या सोडलेल्या घरट्यात शिरतो आणि दुसऱ्याच्या अंड्यांची साफसफाई करत बसतो. अंडी असलेल्या घरट्यात बसल्यामुळे त्याच्याकडेही मादी येण्याची शक्यता वाढते, म्हणून हा परोपकार समजू नये.

दुसऱ्या प्रश्नाविषयी मी सावध आहे. पाहणाऱ्या माणसाला रंग मादीसाठीच असावेत असे वाटते. परंतु इंद्रधनुषी डार्टरच्या जवळच्या नात्यातील ऑरेंजथ्रोट डार्टरवर मार्क पायरॉन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मादी रंगावरून नर निवडते असे आढळले नाही. तेथे नरांमधली हाणामारीच अधिक महत्त्वाची ठरते, आणि रंग हे प्रतिस्पर्ध्याला दिलेला इशारा असण्याची शक्यता आहे. एकूण दोनशे जातींना एकच नियम लावता येणार नाही.

मुळाकाठी :

मी पुण्यात मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. डार्टर आपल्याकडे नाहीत; परंतु वाचताना सतत मुरी डोळ्यांपुढे येत होती, म्हणून थोडे लिहितो. सह्याद्रीतील ओढ्यांच्या खळाळात तेच काम मुरीसारखे लोच गटातील मासे करतात. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली छापली, तेव्हा येथील कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली, आणि कोबायटिस मूरेह हे नाव त्या मुरीवरूनच आले. डार्टर आणि मुरी यांचे नाते अत्यंत दूरचे, तरीही दोघांचा बांधा एकाच गरजेतून घडलेला आहे. लोच माशांमध्ये वाताशय नाहीसे झालेले नाही, पण त्याचा पुढचा भाग डोक्यामागच्या हाडांच्या कुपीत बंद झालेला असतो. त्यामुळे तो तरंगण्याच्या कामी फारसा येत नाही, ऐकण्याच्या कामी मात्र येतो.

एक मोठा फरक आहे. मुरीला मिशा असतात आणि ती बरेचसे अन्न स्पर्शाने व चवीने शोधते. डार्टरला मिशा नाहीत. तो डोळ्यांनी शिकार करतो. म्हणूनच, मला वाटते, पाणी गढूळ झाले की त्याचे नुकसान दुहेरी होत असावे. अन्न दिसत नाही, आणि गाळ खडीच्या फटी बुजवतो. पुरलेल्या अंड्यांना त्या फटींतूनच प्राणवायू मिळत असणार. नॉक्सविलकर यांनी यावर सांगावे.

नॉक्सविलकर :

बरोबर आहे. खडीत अंडी पुरणाऱ्या जातींना गाळाचा फटका सर्वांत आधी बसतो. दगडाखाली अंडी घालणाऱ्यांना थोडा दिलासा असतो, कारण छताला गाळ साचत नाही आणि नर पाणी हलवत राहतो. काही ठिकाणी गाळ वाढलेल्या ओढ्यांत जॉनी डार्टर टिकून राहतो आणि इतर डार्टर दिसेनासे होतात, ते यामुळेच. हा साधा मासा येथे कोणाच्या कौतुकाचा विषय नाही, पण तो फुटक्या कौलाखाली, बाटलीच्या तुकड्याखालीसुद्धा संसार मांडतो.

सरळमार्गी :

टेनेसीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. एका डार्टरसाठी तेथे बांधून झालेले धरण अडवले होते ना? बोटाएवढ्या माशासाठी एवढा खर्च वाया घालवणे कोणत्या हिशेबात बसते, हे मला आजवर समजलेले नाही.

नॉक्सविलकर :

तो स्नेल डार्टर. या धाग्यात त्याची हकिकत त्याच्या जीवनचक्राच्या बाजूने सांगतो, कारण खटल्याची हकिकत सगळीकडे मिळते आणि माशाची कोठेच नाही.

टेनेसी विद्यापीठातील डेव्हिड एटनियर यांना हा मासा ऑगस्ट १९७३ मध्ये लिटल टेनेसी नदीत सापडला. नदीवर टेलिको धरणाचे काम १९६७ पासून चालू होते. हा मासा मुख्यतः लहान गोगलगायी खातो, म्हणून त्याला हे नाव. तो हिवाळा सरता सरता आणि वसंताच्या सुरुवातीला, स्वच्छ खडीच्या उथळ पट्ट्यांवर अंडी घालतो. अंड्यांतून निघालेले डिंभ मात्र तेथे थांबत नाहीत. ते प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर खाली वाहत जाऊन संथ पाण्यात वाढतात, आणि मोठे झाल्यावर पिल्लांना उलट दिशेने वर, त्या खडीच्या पट्ट्यांवर परतावे लागते. म्हणजे या माशाला एक जागा पुरत नाही. त्याला दोन जागा लागतात, आणि त्यांच्यामधली वाट मोकळी लागते. धरणाने वरच्या पट्ट्यांवर गाळ आणि खोल पाणी साचते, आणि मधली वाट भिंतीने बंद होते. इंद्रधनुषी डार्टरला एवढे लांब जावे लागत नाही. तो एका खळाळाच्या आसपास आयुष्य काढतो. सर्व डार्टर धरणाने सारखेच मरतात असे म्हणता येत नाही, ते याचमुळे.

खर्चाविषयी : मासा १९७५ मध्ये धोक्यातील जातींच्या यादीत गेला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवण्याचा निर्णय दिला. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, अपवाद ठरवण्यासाठी एक समिती नेमण्याची तरतूद केली. तिने जानेवारी १९७९ मध्ये एकमताने अपवाद नाकारला, आणि तो माशाच्या प्रेमापोटी नव्हे : जवळजवळ पूर्ण झालेले असूनही उरलेला खर्च फायद्यातून भरून निघत नाही, असा हिशेब निघाला होता. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या समितीनेच दिले आहे. पुढे काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून धरणाला सूट दिली, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये दरवाजे बंद झाले. मासा लिटल टेनेसीतून गेला. पण त्याआधी काही मासे हायवॉसी नदीत सोडले होते, ते तेथे रुजले. नंतर इतर नद्यांतही त्याच्या वस्त्या सापडल्या. १९८४ मध्ये त्याचा दर्जा एक पायरी सौम्य झाला आणि २०२२ मध्ये तो यादीतून बाहेर पडला.

ओझार्क :

यात २०२५ ची भर घालायला हवी. येल विद्यापीठातील थॉमस निअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय व शारीरिक तुलना करून असे मांडले आहे, की स्नेल डार्टर ही स्वतंत्र जातच नव्हे. आमच्या मिसुरी-आर्कान्सामधील नद्यांत राहणाऱ्या स्टारगेझिंग डार्टरचीच ती पूर्वेकडची वस्ती आहे. यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, आणि जात कशाला म्हणावे हा वाद जुनाच आहे. नावे देण्याबाबत डार्टरच्या अभ्यासकांचा हात तसा मोकळा आहे. २०१२ मध्ये एका ठिपकेदार गटाचे विभाजन करताना पाच नव्या जातींपैकी एकीला ओबामांचे, तर इतरांना कार्टर, क्लिंटन, गोर आणि थिओडोर रूझवेल्ट यांची नावे मिळाली.

परंतु मला लिहायचे आहे ते शिंपल्यांविषयी. डार्टरच्या जीवनचक्रात आणखी एका प्राण्याचे जीवनचक्र गुंतलेले आहे, आणि ते कळल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांच्या डिंभांना काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहावे लागते. त्याशिवाय त्यांचा शिंपला होत नाही. शिंपला स्वतः चालून कोठे जाऊ शकत नाही, तेव्हा मासा त्याच्याकडे यायला हवा. स्नफबॉक्स नावाचा शिंपला यासाठी लॉगपर्चवर अवलंबून आहे. लॉगपर्च हा डार्टरांतला थोरला. त्याची सवय अशी, की तो डुकरासारख्या लांबट नाकाडाने खडे उलटतो आणि खालच्या अळ्या टिपतो. स्नफबॉक्सची मादी खडीत अर्धवट उघडी बसलेली असते. लॉगपर्चचे नाकाड तिला लागले, की झडप बंद होते आणि माशाचे डोके शिंपल्यात अडकते. कडेला आतल्या बाजूस वळलेले बारीक दात असतात, त्यामुळे ते निसटत नाही. मग मादी आपले सूक्ष्म डिंभ माशाच्या कल्ल्यांवर सोडते, आणि काम झाले की त्याला सोडून देते. लॉगपर्चची कवटी भक्कम असल्याने तो यातून सहीसलामत सुटतो. दुसरा एखादा नाजूक लहान मासा असा सापडला, तर त्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणजे ज्याच्या खांद्यावर मुले द्यायची, त्याची परीक्षाही त्याच झडपेत होते.

अमेरिकेत स्नफबॉक्स २०१२ पासून धोक्यातील यादीत आहे. ग्रँडकाठ यांच्या ऑंटारिओत तो सिडनहॅम आणि ऑसेबल या नद्यांत उरला आहे. लॉगपर्च गेला तर हा शिंपला म्हातारा होत तेथेच बसून राहील, आणि वरवर पाहणाऱ्याला नदीत शिंपले आहेत असेच दिसत राहील.

मृण्मयी_स :

हा शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. कोकणात आम्ही खाडीतल्या तिसऱ्या आणतो, पण गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला मूल होण्यासाठी मासा लागतो, हे माहीत नव्हते.

ग्रँडकाठ :

ओझार्क यांच्या लेखनानंतर मलाही आमच्या नदीविषयी एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण तिच्यामुळे या माशाची चर्चा येथील वर्तमानपत्रांपर्यंत गेली होती. वॉटर्लू विद्यापीठात मार्क सर्व्होस यांचा गट ग्रँड नदीतील इंद्रधनुषी डार्टरवर बराच काळ काम करीत आहे. किचनेर शहराचे शुद्ध केलेले मैलापाणी नदीत सोडले जाते त्या जागेच्या खाली पकडलेल्या नरांच्या वृषणांत अंडपेशी आढळत होत्या. २००७ ते २०१२ या काळात तेथे असे नर सत्तर टक्क्यांहून अधिक होते. २०१२ च्या सुमारास मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील प्रक्रिया सुधारली, जैविक शुद्धीकरणात हवेचा पुरवठा वाढवला, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले.

सरळमार्गी :

म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम. हे सरळ लिहावे.

ग्रँडकाठ :

तेवढे सरळ ते नाही. गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्रीसंप्रेरक) त्यात आहेच, पण माणसाच्या शरीरातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारी संप्रेरकेही आहेत, आणि घरगुती वापरातील इतर काही रसायने इस्ट्रोजेनसारखी वागतात. सुधारलेल्या प्रक्रियेने यांपैकी अनेकांचे विघटन एकदम वाढले, त्यामुळे एकाच पदार्थावर बोट ठेवता येत नाही.

या अभ्यासासाठी डार्टरच का, हे मात्र या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. हा मासा फार लांब जात नाही. ज्या खळाळात तो सापडतो, तेथलेच पाणी त्याने आयुष्यभर अंगावर घेतलेले असते. लांब फिरणारा मासा पकडून त्याला कोठे काय झाले हे सांगता येत नाही. शिवाय याचे आयुष्य आखूड. तीन-चार वर्षांत पिढी बदलते, म्हणून पाणी सुधारले तर त्याचा परिणामही तेवढ्यातच दिसतो. हाच अभ्यास दीर्घायुषी माशावर करायचा असता तर उत्तरासाठी पंधरा वर्षे थांबावे लागले असते.

ईरीकर :

तुमच्या दगडाखालच्या अंड्यांविषयी आणखी एक शक्यता सुचवतो. ईरी सरोवराच्या बाजूला आमच्याकडे आता राउंड गोबी सर्वत्र आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा हा मासा जहाजांच्या पोटातील पाण्यातून आला आणि १९९० साली सेंट क्लेअर नदीत प्रथम सापडला. तोही तळाशी बसतो, त्यालाही वाताशय नाही, त्याचाही नर दगडाखालची अंडी राखतो. त्याची एक मादी हंगामात अनेकदा विते, तर डार्टरची वीण वसंतापुरती. आणि अंगाने तो मोठा असल्याने दगडाखालची चांगली पोकळी त्याच्याच वाट्याला जाते. ज्या जातींना छत लागते त्यांना हा उपद्रव अधिक. ओळखण्यासाठी : गोबीच्या पोटाखालचे दोन पर जुळून एक चूषक वाटी झालेली असते, डार्टरचे ते पर सुटे असतात, आणि गोबीच्या पाठीच्या पहिल्या परावर काळा ठिपका असतो.

नॉक्सविलकर :

उत्तम खूण. अंड्यांवरूनही थोडे कळते : फॅनटेलची अंडी एका थरात, नीट मांडल्यासारखी असतात. पण खरे उत्तर दगडाखाली बसलेल्या नरावरून मिळेल.

ग्रँडकाठ :

उशिरा लिहितो आहे. त्या जागी पुन्हा गेलो होतो, या वेळी दगड न उचलता. एका चौकोनी डब्याचा तळ कापून तेथे पारदर्शक प्लॅस्टिक बसवले आणि तो पाण्यावर दाबून आत पाहिले. वाऱ्याच्या लाटा नाहीशा झाल्या की तळ काचेखाली ठेवल्यासारखा दिसतो. पहिली वीस मिनिटे काहीच दिसले नाही. मग एक चपटा दगड दिसला, ज्याच्या वरच्या कडेला थोडी फट होती, आणि फटीत एक काळपट डोके. मी डबा हलवला नाही. थोड्या वेळाने तो मासा अर्धा बाहेर आला, एका लहानशा क्रेफिशकडे (नदीतल्या चिमुकल्या शेवंडीसारख्या प्राण्याकडे) सरळ झेपावला, आणि तो क्रेफिश मागे सरकताच पुन्हा आत गेला. आत जाताना तो किंचित कलला, तेव्हा पाठीच्या पराच्या काठावर पिवळसर गोळ्यांची ओळ दिसली. पाच-सहा असावेत, मोजून झाले नाहीत.

फॅनटेल होता. छताकडची बाजू मला दिसत नव्हती, त्यामुळे खऱ्या अंड्यांचा हिशेब लागला नाही.